दक्षिणेकडे तोंड करून

गोव्यात थंडी नसते असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. त्यांना म्हणते, डिसेंबरात कोरगावला या आणि उजाडताना माझ्या अंगणात अनवाणी उभे राहा. परवाच घराच्या दुरुस्तीला आलेला कोल्हापूरकडचा गवंडी म्हणाला, काकू, हिला काय थंडी म्हणायचं, आमच्याकडे हिला बरं वाटणं म्हणतात. हस बाबा, हस. तुमची थंडी कोरडी, अंगावरून निघून जाते. आमची ओली. मोपाच्या सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळी पठारावरून, ती खाली उतरते, काजूच्या पानांवर बसते आणि पहाटे पागोळ्या गळाव्यात तशी टपटपत राहते. माणसाला मारायला ती पुरत नाही, कबूल. एक दिवसाच्या कोंबडीच्या पिल्लाला पुरते.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. लागोपाठ दोन हिवाळे मी सुपात भरभरून पिल्लं नेऊन कुंपणाच्या कडेला पुरली आहेत.

आता पुन्हा डिसेंबर आला. काजूला मोहोर धरू लागलाय. त्याचा वास दंवात मिसळला की माझ्या तळहातांना खाज सुटते. डॉक्टर म्हणतात, वय झालं, कातडी कोरडी पडते, खोबरेल लावा. लावते. पण ही खाज कुठून येते ते मला ठाऊक आहे. सड्यावर आता विमानतळ झालाय, आमच्या डोक्यावरून विमानं खाली उतरतात, आणि त्यातून येणारी माणसं म्हणे इथे ऊन खायला येतात. खुशाल खावं. मी या उन्हाला एकदा पेटीत धरून कामाला लावलं होतं, आणि तेव्हा अख्खा वाडा, म्हणजे आमची सगळी वस्ती, मला वेड्यात काढत होता.

गोवा राज्य होण्याच्या जरा आधीचा तो हिवाळा. भाषेचं भांडण पेटलेलं, कोकणी की मराठी. एकाच ओसरीवर दोघे सख्खे भाऊ एकमेकांकडे पाठ करून चहा प्यायचे. आमच्या पेडणे तालुक्यात तर आणखीच त्रांगडं. आम्ही बोलतो ते कोकणी म्हणावं तर मालवणीच्या अंगानं जातं. लिहितो मराठी, आरत्या मराठी, शिव्या मात्र कोकणीत, कारण तिथे त्यांना धार येते. बाहेरचं कुणी आलं की विचारायचं, तुम्ही नेमके कुणाचे? तो प्रश्न मला तेव्हाही खपत नव्हता, आजही खपत नाही. माझं माहेर नदीपलीकडचं, महाराष्ट्रातलं आरोंदा, सासर अलीकडचं, गोव्यातलं कोरगाव. होडीत बसून नदी ओलांडली म्हणजे माणूस काही बदलत नाही. आम्ही आमचेच.

पण त्या हिवाळ्यात मला या भांडणात घालायला वेळ नव्हता. माझं भांडण दुसरंच होतं.

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते. सदानंद. डिचोलीकडे खाणीवर ट्रक चालवायचा. सोमवारी पहाटे जायचा, शनिवारी संध्याकाळी यायचा, तेव्हा त्याच्या कानाच्या पाळ्यांतसुद्धा लाल माती असायची. घरी मी आणि सासूबाई, ज्यांना आम्ही सगळे माय म्हणायचो. घरामागे चिऱ्याच्या भिंतींचं एक शेड होतं, त्यात मी कोंबड्या पाळायला घेतल्या होत्या. गावठी चार कोंबड्या नव्हेत, चांगली दोनशे पिल्लं, बेळगावहून भोकं पाडलेल्या खोक्यांतून येणारी. पावसाळ्यात शेड भिजायचं, उन्हाळ्यात विहीर तळ गाठायची. डिसेंबरात पिल्लं घातली की शिगम्याला, होळीच्या सणाला, विकायला तयार. मला धंद्याला मिळत होता तो हा एवढाच एक हंगाम, आणि तोच नेमका थंडीचा.

पिल्लांना थंडी वाजली की ती एकमेकांत शिरतात. बाहेरच्यांना आत जायचं असतं, म्हणून ती वर चढतात. सकाळी दार उघडावं तर कोपऱ्यात ढीग, वरची जिवंत, खालची चेंगरलेली. उरलेल्यांना ओल्या तुसातून हगवण लागायची आणि आठवड्याभरात तीही मान टाकायची. बल्ब लावले होते मी, नाही असं नाही. पण तेव्हाची वीज म्हणजे रुसका जावई, यायची तेव्हा यायची. पहिल्या वर्षी लोक म्हणाले, नवशिकी आहे. दुसऱ्या वर्षी म्हणाले, तिच्या हाताला यश नाही. मला हे दुसरं फार लागलं. हाताला यश नसणं म्हणजे काय? माझ्याच हातचा सोलकढी-भात जेवून जाताना नाही कुणाला हे आठवलं.

दुसऱ्या खेपेनंतर सदानंदने विषय काढला. तो काही वाईट माणूस नव्हे, आवाज चढवला नाही त्याने. म्हणाला, खाणीवाल्यांच्या चाळीत खोली मिळते, लग्न झालेल्या ड्रायव्हरांना देतात. माय आपल्या लेकीकडे राहील, तू माझ्याकडे ये. त्या चाळीत मी एकदा पंधरा दिवस राहून आले होते. घागरीत पाणी भरलं की तळाला बोटभर लाल गाळ बसायचा. वाळत घातलेलं धुणं काढताना धुतलेलं की न धुतलेलं हे कळायचं नाही. दिवसभर ट्रकांचा घरघराट, आणि बायका दारात बसून कोणाचा नवरा कितव्या फेरीला गेला ते मोजायच्या. मी करायचं काय तिथे? लोक म्हणतील, नवऱ्याजवळ राहायला एवढी नाखूश कशी ही बाई. नवऱ्याजवळ राहायला मी नाखूश नव्हते. जिथे माझं म्हणून काहीच नाही अशा जागी राहायला नाखूश होते. हा फरक मी त्याला सांगायला गेले, तर तो म्हणाला, कोंबड्या म्हणजे का तुझं काही?

होय, म्हटलं, कोंबड्या म्हणजे माझं काही.

मग ठरलं असं: आणखी एकदा पिल्लं आणायची. ती जगली तर जगली. नाही जगली तर शेड मोडायचं, चिरे विकायचे आणि मी डिचोलीला जायचं. मी बरं म्हटलं. रागात बरं म्हटलेलं फार पाळावं लागतं, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

नोव्हेंबर सरता सरता मी गोधड्या काढायला म्हणून ट्रंक उन्हात ठेवली होती. काळ्या रंगाची पत्र्याची ट्रंक, बाराच्या उन्हात चार तास. झाकण उघडलं आणि आतून अशी झळ तोंडावर आली की मी मागेच सरले. चुलीपुढे बसल्यावर येते तशी, पण विस्तव नाही, धूर नाही, काडीचासुद्धा खर्च नाही. मी झाकण लावलं, परत उघडलं. परत तीच झळ. आठवीच्या पुस्तकातलं एक वाक्य आठवलं, गरम हवा हलकी होते आणि वर जाते. हे वाक्य मी घोकून घोकून पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं आणि विसरले होते. शाळेत शिकलेलं एवढं एकच मला पुढे आयुष्यात उपयोगी पडलं असेल, पण पडलं ते असं की बाकी सगळं माफ.

शेड उंचवट्यावर होतं. त्याच्या दक्षिणेला जमीन उतरती. मी मनाशी मांडलं ते असं: उतारावर एक लांबोडकी पेटी तिरपी टेकवायची. आत काळा पत्रा, वर काच. पेटीच्या खालच्या टोकाला भोक, तिथून गार हवा आत येईल. पत्र्यावरून तापत तापत वर चढेल आणि वरच्या टोकाच्या भोकातून भिंतीतून शेडात जाईल. शेडाच्या जमिनीखाली चर खणून त्यात चिऱ्याचे तुकडे भरायचे, म्हणजे दिवसभर ती हवा त्यांच्यामधून फिरेल आणि चिरे तापतील. चिरा तापला की लवकर निवत नाही, हे उन्हाळ्यात अंगणातल्या पेळेवर, चिऱ्याच्या कट्ट्यावर, रात्री बसलेल्या कुणालाही विचारा. सूर्य कलला की दोन्ही भोकांना चिंध्यांचे बोळे. पिल्लं वर तुसात झोपतील, खालून ऊब.

गोपाळ मेस्त म्हणजे आमच्या वाड्यावरचा सुतार. तोंडाने फटकळ, हाताने देवमाणूस. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं, विडी विझवली आणि म्हणाला, आजवर मी मेलेल्यांसाठी पेट्या केल्या, कोंबड्यांसाठी ही पहिलीच. पण केली. फणसाच्या उरलेल्या फळ्या त्याच्याकडे होत्या. तेलाचे रिकामे डबे कापून, ठोकून आम्ही पत्रे सरळ केले. काच कुठून आणायची हा प्रश्न होता. ती माझ्याच खोलीत होती. माझ्या बापाने लग्नात दिलेलं कपाट, त्याला दोन लांब काचेची दारं, आत कपबश्या मांडलेल्या, ज्यांतून कधी कुणी चहा प्यायला नाही. मी कपबश्या खाली काढल्या आणि मेस्ताला म्हटलं, काढा काचा. तो माझ्याकडे बघत राहिला. मग काचा उतरवून देताना म्हणतो कसा, “वयनी, कोंबड्यांका काचेचां घर झालां. आता पलंग कधी करूया?”

मायला काचेचं दुःख नव्हतं, ते कपाट तिला पहिल्यापासून आवडत नव्हतं. तिचा आक्षेप दिशेला. पेटीचं तोंड दक्षिणेकडे. दक्षिणेकडे पाय करून झोपू नये, दक्षिणेकडे दार ठेवू नये, आणि ही बाई चांगली सहा फुटी पेटी दक्षिणेकडे तोंड करून ठेवते. ती पायरीवर बसून म्हणाली, “ती यमाची दिशा गो.”

“यम दोनदा येऊन गेलो, माय,” मी म्हटलं. “आता त्याच्या वाटेत सूर्याला बसवतंय.”

ती उठून आत गेली आणि तिने तो दिवस माझ्याशी अबोला धरला. त्या वयात मला असले शब्द सुचायचे आणि तोंडातून निघूनही जायचे. आता सुचतात, पण मी त्यांतले निम्मे गिळते. निम्मेच.

राहिला रंग. पत्रा काळा हवा. आणि इथे माझी अक्कल गहाण पडली. काजूच्या तालुक्यात राहून काळा रंग विकत कोण आणेल? टरफलं भाजून काढलेलं तेल प्रत्येकाच्या मांगरात, परसातल्या खोपटात, डबाभर असतंच. घट्ट, काळंकुट्ट. वाशांना लावलं की वाळवी फिरकत नाही, केरीचे लोक होड्यांना लावतात, खाऱ्या पाण्यातही वर्षभर उतरत नाही. मेस्त म्हणाला, ह्याच्यापरता काळा रंग देवाने केला नाही. शेजारीपाजारी म्हणाले, तेच लावा. मायनेसुद्धा अबोल्यातून मान डोलावली. आमच्यापैकी एकालाही आठवलं नाही की हेच तेल बोटाला लागलं तर कातडी सोलते. काजू भाजताना आम्ही सगळे वाऱ्याकडे पाठ करून बसतो ते कशासाठी, हे जन्मापासून माहीत असलेली आम्ही माणसं. आम्ही त्याच्यात काजळी कालवली आणि दोन हात मारले. डोक्यात ते रंग म्हणून बसलं होतं, तेल म्हणून नव्हे. बेळगावच्या माणसाने ही चूक केली नसती, कारण त्याने बिचाऱ्याने बाजारातून रंगाचा डबा आणला असता.

पेटी लावली तेव्हा दोन दिवस ढगाळ हवा होती. तरी वरच्या भोकाशी हात धरला तर कोमट वारा लागायचा. मला काय वाटलं ते सांगते, मला देव पावल्यासारखं वाटलं. रविवारी पिल्लं आली. दोनशे पिवळे गोळे, खोक्यातून चिवचिवाट, मी एकेकाची चोच गुळाच्या पाण्यात बुडवून त्याला आत सोडलं. सदानंदने सोमवारी निघताना पेटीकडे नुसतं पाहिलं.

मंगळवारी आभाळ स्वच्छ झालं. कडकडीत ऊन. पेटी अशी तापली की काचेला हात लावू देईना, आणि मी आनंदाने वेडी, भिंतीतल्या भोकातून गरम वाऱ्याचा झोत येतोय. दुपारी जेवून शेडात गेले तर माझेच डोळे चुरचुरले. वास आला. एप्रिल-मे महिन्यात घराघरातून येतो तो काजू भाजल्याचा वास, डिसेंबरात. पिल्लं चोची उघडून श्वास ओढत होती. कित्येकांचे डोळे मिटून चिकटले होते. काही कडेला आडवी.

मी भोकाला बोळा कोंबला, दार सताड उघडलं आणि ओच्यात बसतील तेवढी पिल्लं घेऊन स्वयंपाकघराकडे धावले. माय शिंक्याला काही टांगत होती. तिने वळून पाहिलं आणि काही न विचारता भाताच्या सगळ्या टोपल्या उपड्या करून चुलीच्या बाजूला मांडल्या. आम्ही दोघींनी किती फेऱ्या मारल्या कोण जाणे. पाण्याने डोळे पुसले एकेकाचे. तरी संध्याकाळपर्यंत एक सूप भरलं. तिसऱ्या वर्षीचं सूप. मी ते मांडीवर घेऊन अंगणात बसले आणि रडले, मोठ्याने रडले, लाजले नाही.

वाड्यावर बातमी पोचायला काय वेळ. लोक आले, उभे राहिले. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, उतारावरून देवचाराची वाट जाते, त्याच्या वाटेत न विचारता पेटी ठेवली. त्याला नैवेद्याचं रोट नाही, नारळ नाही. बाकीच्यांनी माना हलवल्या. आमच्याकडे देवचार म्हणजे गावाचा राखणदार, रात्री हातात काठी घेऊन फिरतो, वाट चुकलेल्याला घरी पोचवतो. मी त्याला मानते. आजही वर्षाचं रोट चुकवत नाही. पण त्या दिवशी माझं टाळकं सणकलं. मी उठले, डोळे पुसले आणि म्हटलं, “त्याका मधी घालू नका. ही चूक माझी. टरफलाचां तेल मी लावलां.”

कुणी माझ्याकडे बघेना, कारण ते तेल लावा म्हणणाऱ्यांतले निम्मे तिथेच उभे होते. मला पुष्कळदा वाटतं, माझ्या आयुष्यातलं धाडसाचं काम कुठलं तर ते. पेटी करणं नव्हे. चूक देवावर ढकलायला मिळत असताना ती स्वतःकडे ठेवणं. कारण देवाचा कोप झाला असता तर हात जोडून बसावं लागलं असतं. माझी चूक असली तर ती मला सुधारता येत होती.

सुधारायची कशी, हा मात्र पेच होता. बुधवारपासून रस्ते बंद झाले. भाषेच्या भांडणाने कुठे दगड, कुठे झाडं आडवी पडली होती. म्हापशाहून बस येईना, दुकानात रॉकेल संपलं, वीज तर दुपारीच गेली. बाजारातून रंग आणायचा म्हटलं तरी वाट नव्हती. घरात असेल त्यावर भागवायचं.

पत्रे बाहेर काढले आणि राख-काथ्याने घासायला बसले. तेल निघेना, माझी कातडी निघायला लागली. मग अंगणाच्या टोकाला तुसाची आग केली आणि एकेक पत्रा तीत घातला, वाऱ्याकडे पाठ करून, या वेळी आठवणीने. पिवळा, कडू धूर निघाला, निघून निघून थांबला. संध्याकाळी पत्रे निवले तेव्हा तेल जळून गेलं होतं, पण पत्रे नुसते डागाळलेले, करडे-निळे. काळे नव्हेत. माझे दोन्ही तळवे फोड येऊन टरटरून फुगलेले. मी ते गार पाण्याच्या घंगाळात बुडवून बसले होते.

माय आतून भाताचा टोप घेऊन आली. आता हा टोप म्हणजे घरातला एक जुना तंटा होता. सगळ्या बायका टोप चुलीवर ठेवण्याआधी बाहेरून राख-माती सारवतात, म्हणजे काजळी चटकन निघते. माय कधीच सारवू देत नसे. मी नवी नवरी असताना एकदा तो घासून लख्ख केला, तर तिने मला आठ दिवस ऐकवलं. काळा टोप लवकर तापतो, भात लवकर होतो, असं तिचं म्हणणं. मी मनात हसायची, की ही म्हातारीची आळशी सबब.

तिने टोप माझ्यापुढे पालथा घातला आणि खापरीने त्याच्या बुडाची काजळी खरवडू लागली. कित्येक वर्षांची काजळी, थरच्या थर. ती पेजेच्या पाण्यात कालवली, फडकं बुडवलं आणि स्वतः पत्र्यावर हात फिरवायला सुरुवात केली. माझे हात चालत नव्हते, म्हणून सगळे पत्रे तिनेच काळे केले. तोंडाने एकसारखी बडबडत होती, की शिकलेल्या मुलींना घरात काय आहे ते दिसत नाही, दूरचं तेवढं दिसतं. मी हूं केलं. ते ऐकून घ्यायलाच पाहिजे होतं. तिच्याइतकं भौतिकशास्त्र मला आठवीच्या बाईंनीही शिकवलं नव्हतं.

गुरुवारी पेटी परत जोडली. एक दिवस रिकामीच चालवली. मी स्वतः शेडात तासभर बसून राहिले, डोळे उघडे ठेवून, खोल श्वास घेत. काही नाही. नुसती कोरडी ऊब, आणि भाजलेल्या तांदळाचा किंचित वास. शुक्रवारी पिल्लं स्वयंपाकघरातून शेडात नेली.

शनिवारी संध्याकाळी सदानंद आला तो कुणाची तरी सायकल घेऊन, अर्धी वाट चालवत, अर्धी आडव्या झाडांवरून उचलत. घामाने आणि मातीने ओळखू येत नव्हता. वाटेत बाजारात त्याला कुणीतरी सांगितलं होतं, तुझ्या बायकोने दोनशेच्या दोनशे मारली. त्याने सायकल भिंतीला लावली, हात-पाय धुतले, माझे बांधलेले तळवे पाहिले आणि पडवीवर बसून खिशातून चावी काढली.

“खोली मेळली,” तो म्हणाला. “पुरे झालां आता. सामान बांध.”

त्याचा आवाज कठोर नव्हता, तेच वाईट होतं. कठोर असता तर मी भांडले असते. तो माझी दया करत होता. मी त्याला एवढंच म्हटलं की सकाळी शेड बघा, मग बोला. ती रात्र त्या हिवाळ्यातली सगळ्यात गार. माझ्या अंगावर दोन गोधड्या होत्या आणि मला झोप नव्हती. वीज आली नव्हती. बाहेर पानांवरून दंव गळायला लागलं तेव्हा मी मनात एकच म्हणत होते, की मेली तर मरू देत, पण यांनी माझी कीव केलेली मला नको.

फटफटलं तसे आम्ही तिघं शेडाकडे गेलो. अंगण पाऊस पडून गेल्यासारखं ओलं. मी दार उघडलं.

कोपरे रिकामे होते. ढीग नव्हता कुठेच. पिल्लं सगळ्या जमिनीभर पसरून झोपली होती, एकेकटी, पाय लांब करून, काही तर पंख उघडे टाकून. दारातून गार वारा गेला तशी दोन-चार उठली, आमच्याकडे पाहिलं आणि तुसात परत बसली. सदानंद दचकून म्हणाला, मेली काय सगळी? मी म्हटलं, थंडी वाजणारी पिल्लं एकमेकांवर चढतात. ही लोळतात. मग मी त्याचा हात धरला आणि तुसाखाली, चिऱ्यावर टेकवला. त्याने हात काढला नाही. बराच वेळ तसाच उकिडवा बसून राहिला, आणि एक पिल्लू त्याच्या मनगटावर चढून बसलं.

मी म्हटलं, “तुमी चावी घेऊन जावा. मी येवचंय नाय.”

माय माझ्यामागे उभी होती. सदानंद उठला, कोयता घेतला आणि बाहेर गेला. मला वाटलं, पेटी फोडतो की काय. मी मागोमाग गेले. ऊन नुकतं सड्यावरून खाली येत होतं. तो पेटीपाशी उभा राहून वर बघत होता. तिथे सासऱ्यांनी हाताने लावलेला काजू होता, घरचा सगळ्यात जुना, मोहोराने भरलेला. त्याला कधी कुणी कोयता लावला नव्हता, सासरे गेल्यावर तर नाहीच.

“ह्या फांदीची सावली पेटीवर कधी येता?” त्याने विचारलं.

तीन वाजता, मी म्हटलं. तीनच्या पुढचं सगळं ऊन जातं.

त्याने लुंगी खोचली आणि झाडावर चढला. चार-पाच घाव, आणि मोहोरासकट फांदी खाली आली. मायने डोळ्याला पदर लावला, पण त्याला थांबवलं नाही. त्याने वरून घाम पुसला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “आणि खंयची फांदी?”

मी बांधलेला हात वर केला.

“ती,” म्हटलं. “आणि तिच्या वरची पण.”